कासा कुंभाराचे चार राखणदार

कासा कुंभार गेला तेव्हा त्याची मुलगी हुनेरो अंगणात कांदे निवडत बसली होती. आतली कुरकुर थांबली. बराच वेळ पुन्हा सुरू झाली नाही, तेव्हा तिला संशय आला आणि ती उठून बघायला गेली. म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला होता. जाताजाताही त्याने जगाला पाठच दाखवली होती.

"झालं समाधान?" ती त्याला म्हणाली. आणि मग तिथेच खाली बसली.

नदीच्या पश्चिम तीरावरच्या त्या कुंभारवस्तीत कासासारखा हात कोणाचा नव्हता आणि कासासारखी जीभही कोणाची नव्हती. शेजाऱ्याने हौसेने नवा रांजण दाखवायला आणला, तर हा त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणे, "यात पाणी नको ठेवूस. पाण्याला लाज वाटेल." मंदिराच्या पुजाऱ्यांबद्दल म्हणे, "डोकं तुळतुळीत केलं की देव भेटतो म्हणतात. मग माझी सगळी गाडगी केव्हाच देवाला भेटून आली असतील." बायको तरुणपणीच गेली. ती तापाने गेली, पण वस्ती म्हणायची, बोलणी ऐकून गेली. मुलगा हारशिरे लिहायला शिकला, नदीपलीकडे वासेत शहरात अमूनच्या मंदिराच्या धान्यकोठारात लेखनिक झाला आणि नखांतली माती एकदा निघाली ती निघालीच. राहिली हुनेरो. तिचं लग्न एका नावाड्याशी झालं होतं. त्याला सोडून ती परत आली, कारण तो मूर्ख होता. हे ती स्वतःच कोणालाही सांगे, त्या नावाड्यासमोरसुद्धा.

शेवटची काही वर्षं म्हाताऱ्याचं अन्नावरून मन उडालं होतं. हुनेरो भाकरी बिअरमध्ये भिजवून, कुस्करून, मासा काटे काढून त्याच्यापुढे ठेवी. तो तोंड फिरवी. मग जी वादावादी होई ती मडकी भाजायच्या आव्याच्या पलीकडे ऐकू जाई.

"गिळा! मी काय तुमच्या तोंडाला आरास करायला बसलेय?"

"तुझं थोबाड बघून भूक मरते माझी."

"मग डोळे मिटा आणि तोंड उघडा!"

तो खाई. पण आधी तिला शिव्या देई, मग खाई. आणि उरलेला वेळ मागच्या शेडात, आतून दाराला काठी लावून, काहीतरी करत बसे. हुनेरोने विचारलं तर म्हणे, "तुझ्या कामाचं नाही."

निरोप गेल्यावर हारशिरे आला. दुःखाला शोभेल असा नदीकाठचा चिखल त्याने कपाळाला फासला होता, पण बेताने. पांढऱ्या झग्यावर ओघळणार नाही इतकाच. मागे त्याची बायको तेंतोपेत, दोन्ही हात डोक्यावर, गळा मोकळा. नावेतून उतरेपर्यंत ती गप्प होती, हे हुनेरोला नावेतल्याच लोकांकडून कळलं.

"बाबा!" हारशिरे दारातच ओरडला. "मला न भेटता गेलात!"

"भेटायला नदी ओलांडावी लागते, दादा," हुनेरो म्हणाली. "नाव रोज सुटते."

"असं नका हो बोलू, वन्सं," तेंतोपेत नाक पुसत म्हणाली. "यांच्यामागे केवढा व्याप! कोठार यांच्यावाचून हलत नाही."

"मग आज कोठार उघडंच टाकून आलात की काय?"

तेव्हा कासा घरात नव्हताच. वाळवंटाच्या कडेला ज्यांचे तंबू असतात ते, मेलेल्यांचे देह मिठात सुकवून पट्ट्यांत गुंडाळणारे लोक गाढव घेऊन आले होते आणि त्याला घेऊन गेले होते. पण हारशिरेला त्याचं काय! त्याने रिकाम्या चटईपाशी गुडघे टेकून घेतले, उठला, झगा झटकला आणि अंगणात जमलेल्या शेजाऱ्यांना सांगायला लागला की सगळं कसं थाटात होणार आहे. बैल लावलेली घसरगाडी. रडायला शहरातल्या बायका. कोठाराचे वरिष्ठ इपुई साहेब जातीने येणार. आणि देहातलं काढून ठेवायला चार कलश. दुधी दगडाचे, उजेडात धरले तर चमकणारे.

"कलश म्हणजे बरण्या ना?" हुनेरोने विचारलं.

"कलश," हारशिरे म्हणाला. "यकृत माणसाच्या मुखाच्या इम्सेतीकडे. फुफ्फुसं वानरमुखी हापीकडे. जठर कोल्ह्याच्या मुखाच्या दुआमुतेफकडे. आणि आतडी ससाण्याच्या मुखाच्या..."

तो बोटांवर मोजत सांगत होता आणि शेजारी माना डोलावत होते, जणू त्या वस्तीत त्याआधी कोणी मेलंच नव्हतं. जन्मभर त्या तंबूंना मिठाच्या कुंड्या आणि राळेची गाडगी पुरवणाऱ्या लोकांना हा शहाणा आतडी कुठे जातात ते शिकवत होता.

"पोटाला आता देव मिळणार तर," हुनेरो म्हणाली. "बरं झालं. जिवंत होतं तेव्हा त्या पोटाला मी एकटीच होते."

हारशिरेने ऐकलं नाही असं दाखवलं. ते त्याला चांगलं जमायचं.

काही दिवसांनी दगडी बरण्या नावेतून उतरल्या. तेंतोपेतने वस्तीच्या मधल्या वाटेने त्या हमालांकरवी हळूहळू नेल्या, कोणाची बघायची राहू नये म्हणून. हुनेरोने एक उचलून बघितली. फारच जड. झाकण काढलं. आत बोटभर खळगा, खाली सगळा भरीव दगड.

"दादा, हिला पोटच नाही."

"हल्ली अशाच करतात," हारशिरे घाईने म्हणाला. "आतलं सगळं बांधून परत देहातच ठेवायचं, हे मोठ्या घरांत सुरू झालंय. कलश नुसते शोभेचे."

"म्हणजे चार देव उभे करायचे, आणि राखायला काहीच द्यायचं नाही."

"तुला यातलं कळत नाही."

"खरंच नाही कळत. मी अजून जिच्यात काही मावतं तिलाच बरणी म्हणते."

त्या बरण्या घेऊन तिघं तंबूंकडे गेले. तिथला मुख्य माणूस आंखू. कासाचा एकुलता एक मित्र, म्हणजे कासा ज्याला रोज शिव्या देई आणि जो रोज परत येई असा एकमेव माणूस. कोपरापर्यंत राळेने काळे झालेले हात, डोळे मात्र खट्याळ. कासाचं सगळं तो फुकट करणार होता. बदल्यात जन्मभर कुंड्या घेतल्या होत्या.

तेंतोपेतने नाकाला पदर लावला. हारशिरेने लावला नाही, पण श्वास घेणं बंद केलं.

"या कलशांत ठेवा, काका," तो दबक्या आवाजात म्हणाला. "म्हणजे, यांच्याशेजारी ठेवा."

आंखूने दगडी बरण्यांकडे पाहिलं, मग हारशिरेकडे. "उशीर झाला रे बाळा. तुझ्या बापाच्या बरण्या केव्हाच आल्यात. स्वतःच गाढवावर घालून घेऊन आला होता. भरल्या, राळेने मुखं बंद केली, मंत्रही झाले."

"बाबांनी?" हुनेरो म्हणाली. तिला ते गाढव आठवलं. माती बघायला जातो म्हणून म्हाताऱ्याने शेजाऱ्याचं गाढव मागून नेलं होतं आणि संध्याकाळी तिच्यावर ओरडतच परत आला होता.

"झाकणं कापडात बांधलेली होती. म्हणाला, मी मेल्याशिवाय सोडायची नाहीत. मी आपला शब्द पाळला." आंखूच्या गालाला खळी पडली. "सोडली तेव्हा मात्र मला बाहेर जाऊन बसावं लागलं. हातातली पट्टीच सुटली."

त्याने मागचा पडदा सरकवला.

चार मातीच्या बरण्या ओळीने होत्या. लाल, गुळगुळीत, खांद्याला अशा वळलेल्या की हात फिरवावासा वाटावा. हुनेरोने आधी त्यांचे खांदे पाहिले. कुंभाराच्या घरातली बाई ते आधी बघते. मग वर पाहिलं.

दुसऱ्या बरणीवरचा वानर खालचा ओठ पुढे काढून बसला होता. डोळे जवळजवळ, कपाळावर केस नीट विंचरून बसवलेले, आणि चेहऱ्यावर असा भाव की समोरच्याने काही विचारलं तर आधी वरिष्ठांना विचारावं लागेल. तो हारशिरे होता. वानरासारखा हारशिरे नव्हे आणि हारशिरेसारखा वानरही नव्हे. दोघांत फटच ठेवली नव्हती.

हुनेरोला हसू आवरेना. बाप मेल्यापासून ती हसली नव्हती. आता तंबूच्या खांबाला धरून, पोट दाबून हसली. हारशिरेचा खालचा ओठ पुढे आला आणि ती आणखीच हसली.

"दादा, ओठ आत घे! आत घे, नाहीतर इथेच बसवतील तुला!"

"हा अपमान आहे," हारशिरे म्हणाला.

शेवटची बरणी ससाण्याची. हनुवटी मानेत घातलेली, मान तिरकी, आणि एकच डोळा रोखलेला. शेजारणीच्या गळ्यातले मणी खरे की रंगवलेले हे बघताना तेंतोपेत अशीच बघायची. हुनेरो तिच्याकडे वळली, आता हिची काय गंमत होते ते बघायला.

तेंतोपेतने पदर खाली केला. डोळे भरून आले होते.

"ससाणा!" ती म्हणाली. "राजाचं पाखरू! मामंजींनी मला राजाचं पाखरू केलं. मी म्हणत नव्हते का हो तुम्हाला, त्यांचा माझ्यावर जीव होता?"

आंखूने घाईने पाठ फिरवली.

पहिल्या बरणीवर माणूस होता आणि तो म्हातारा स्वतःच होता. पण कसा! नाक सरळ, जे आवा फुटला तेव्हापासून सरळ नव्हतं. दाट केस, भरलेले गाल, ओठांवर देवासारखं शांत हसू. जगाची मापं काढणाऱ्याने स्वतःला मात्र नवरदेव करून ठेवलं होतं.

"स्वतःवर भारीच माया हो," हुनेरो डोळे पुसत म्हणाली. आणि मग तिसरी बरणी राहिली.

कोल्ह्याच्या कपाळावर दोन उभ्या आठ्या होत्या. जबडा अर्धवट उघडा, दात दिसत होते, आणि वरचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता.

हुनेरोची जीभ आपोआप स्वतःच्या तुटक्या दाताकडे गेली.

"हा कोण?" तिने विचारलं.

आंखू आपल्या काळ्या हातांकडे बघू लागला. आणि तेव्हा हारशिरे हसला. मोठ्याने नव्हे, नाकातून, पण बराच वेळ.

"पोटाचा राखणदार," तो म्हणाला. "ऐकू येतंय का? गिळा, गिळा म्हणतोय!"

  हुनेरो म्हणाली, "ही झाकणं फोडा, काका. साधी बसवा."

"फोडता येत नाहीत गं. मंत्र याच मुखांवर झालेत. हे फोडलं तर पोटाला कोणी राहणार नाही. तिकडे उपाशी राहील तो."

"राहू दे उपाशी."

घरी परतताना ती दोघांच्या पुढे चालत होती आणि वाळूशी बोलत होती. भाकरी कोण भिजवत होतं? काटे कोण काढत होतं? रात्रंदिवस उशाशी कोण होतं, तो वानर? आणि स्वतःला हसरं तोंड! त्या हसऱ्या तोंडात घास कोणी घातले? तिला वाटलं होतं की म्हातारा तोंडाने काही म्हणाला नाही तरी त्याला माहीत असेल. माहीत होतंच. आणि त्याचं त्याने हे केलं. म्हणजे शेडाला आतून काठी लावून तो हेच करत होता, आणि संध्याकाळी बाहेर येऊन तिच्याच हातची भाकरी खात होता.

"हुनेरो," मागून हारशिरे म्हणाला. "एक पेटी करू. झाकणाची. मातीच्या बरण्या आत, पेटी बंद. दगडी कलश पुढे, लोकांना दिसतील असे. कोणाला काही कळायचं कारण नाही."

"कर," ती म्हणाली.

लहानपणी दोघांनी मिळून शेजाऱ्याचे खजूर चोरले होते, त्यानंतर भावाबहिणीचं एकमत झालं ते हेच.

अंत्ययात्रेला वस्ती लोटली. कासावरच्या प्रेमाने नव्हे. इतका त्रासदायक माणूस खरंच आत जातो की नाही, हे डोळ्यांनी बघायला. बैलांनी घसरगाडी ओढली. शहरातून आणलेल्या बायका छाती उघडी टाकून, डोक्यावर धूळ उधळत रडल्या आणि बैल थांबले की थांबल्या. इपुई साहेब आले. पोट पुढे, मागे पंखा धरणारा, आणि अधूनमधून "अरेरे". दगडी बरण्या चौघांच्या डोक्यांवर उन्हात चमकत होत्या. हारशिरे साहेबांच्या एका बाजूला चालत होता, अर्धं पाऊल मागे. पेटी शेवटच्या गाडीवर होती, दोरी बांधलेली, आणि हुनेरो तिच्याशेजारून चालत होती, तिच्याकडे न बघता.

डोंगराच्या कुशीत कुंभारांनी मिळून खोदलेली थडगी होती. दाराशी मंत्र म्हणणारा पुजारी उभा होता. म्हातारा, कडक, आणि कानाने अधू. दगडी बरण्या त्याच्यापुढे मांडल्या. त्याने एकीचं झाकण काढलं, आत बोट घातलं आणि बोट लगेच थांबलं.

"यात काही नाही," तो म्हणाला.

हारशिरे त्याच्या कानाशी लागला. "या शोभेच्या आहेत. तुम्ही आपले मंत्र म्हणा."

"काय?"

"शोभेच्या!"

"मोठ्याने बोल!"

"शोभेच्या आहेत! आत काही नाही!" हारशिरे ओरडला, आणि डोंगराने ते पुन्हा एकदा सगळ्यांना सांगितलं.

इपुई साहेबांच्या भुवया वर गेल्या. कुंभारांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मग मी दगडाला काय सांगू?" पुजारी म्हणाला. "ज्यांच्यात आहे ते कुठे आहेत?"

आंखूने, त्या बदमाशाने, पेटीकडे बोट दाखवलं. दोरी सुटली. पेटीचं झाकण आणि पुढची फळी काढली, आणि चौघे राखणदार भर उन्हात आले.

 मग गर्दीतून म्हातारी वेबखेत पुढे झाली, डोळ्यांवर हात धरून वाकली आणि म्हणाली, "अगं बाई, हा तर आपला हारशिरे!"

हशा असा फुटला की बैल बिथरले. भाड्याच्या बायका तोंडावर हात दाबून हसू लागल्या. त्यांना तर हसण्याची मनाईच होती. इपुई साहेब जवळ आले. वानराकडे पाहिलं. आपल्या लेखनिकाकडे पाहिलं. पुन्हा वानराकडे. मग त्यांचं पोट हलायला लागलं आणि थांबेना.

"तो वानर मी नाही, साहेब," हारशिरे म्हणाला.

"नाही नाही," साहेब डोळे टिपत म्हणाले. "तू हा बोलणारा."

"आणि ही बघा, ही बघा हुनेरो!" कोणीतरी ओरडलं. "दात बघा! ऐकू येतंय का?"

सगळे तिच्याकडे वळले. हुनेरोला पळावंसं वाटलं. पण पळायचं तर गर्दीतूनच जावं लागणार होतं, म्हणून ती उभी राहिली आणि दुसरीकडे कुठे बघावं हे न सुचून कोल्ह्याकडे बघत राहिली.

तंबूत अंधार होता. तिथे तिने दात आणि आठ्या तेवढ्याच पाहिल्या होत्या. आता दिसलं की बाकीचे तिघं समोर बघत आहेत आणि कोल्हा बघत नाही. त्याची मान एका खांद्यावरून मागे वळलेली होती, दाराकडे बघावी तशी, आणि डोळ्यांखाली म्हाताऱ्याने अंगठ्याने दोन खळगे दाबले होते, जागरणाचे. हे तोंड तिने बापासमोर कधी केलंच नव्हतं. बापाला ती समोरून ओरडे. हे तोंड ती उंबऱ्यात बसून करी. म्हातारा एकदाचा चार घास खाऊन झोपला की ती त्याच्याकडे तोंड करून उंबऱ्यात बसे, आणि कोणी हाक मारत आलं, कोणी आव्याची लाकडं आदळली, की मान वळवून, दात दाखवून, आवाज न करता त्याला हाकलून देई. मुलंबाळं, वेबखेत, एकदा तर मंदिराचा माणूस. अशी मागे वळलेली मान आतूनच दिसणार. झोपलेल्या माणसाला दिसणार नाही.

म्हणजे थेरडा झोपलेला नसायचा.

"सरळ सांगायला काय झालं होतं?" ती पुटपुटली. कौतुक केलं तेही शिवी दिल्यासारखं, आणि तेही भरीव पुरावा ठेवून, चारचौघांत.

मागे हसणं चालूच होतं. हुनेरो वळली. तिच्या कपाळावर दोन आठ्या पडल्या, वरचा ओठ तुटक्या दातावरून मागे गेला, आणि पुढच्या रांगेतलं हसणं एकदम थांबलं.

"हो, मीच ती," ती म्हणाली. "नीट बघून घ्या. याच दातांनी माशाचे काटे काढले मी त्याच्यासाठी. तुमच्यातला कोण आला होता घासभर घेऊन? वेबखेत, तू आली होतीस, चाळणी मागायला. आणि तुम्ही सगळे, तो जिवंत असता तर इथे उभं राहून हसायची छाती झाली असती एकाची तरी? एकेकाच्या मडक्याला काय म्हणाला होता, सांगू का आता साहेबांसमोर?"

कोणी सांग म्हणालं नाही.

"मग मंत्र होऊ द्या," ती पुजाऱ्याला म्हणाली. तोही घाबरला होता, आणि त्याला तर काही ऐकूही आलं नव्हतं.

मंत्र झाले. पुजाऱ्याने एकेका मुखाला स्पर्श केला, नावं घेतली. वानराच्या ओठाला बोट लागलं तेव्हा हारशिरे रडायला लागला. खरंखुरं, हुंदके देत, झग्याची पर्वा न करता. दुर्दैव असं की रडताना त्याचा खालचा ओठ आणखी पुढे आला, आणि जे जेमतेम गप्प झाले होते त्यांना पुन्हा तोंड फिरवावं लागलं. साहेब तर खडकामागे गेले. तेंतोपेत मात्र कशानेच विचलित झाली नाही. ती साहेबांच्या पंखेवाल्याला, दुसरं कोणी मोकळं नव्हतं म्हणून, समजावत होती, "तो ससाणा दिसतो ना, कडेचा? ती मी."

बरण्या भिंतीतल्या कोनाड्यात गेल्या. त्यांच्यापुढे देह. दार बंद झालं, चिखलाने लिंपलं, आणि लोक भाकरी, कांदे, बिअर यांच्यावर तुटून पडले. हुनेरोने कोणाला काय वाढलं ते कोणी लक्षात ठेवलं नाही, पण वेबखेतला अर्धाच कांदा मिळाला हे वेबखेतने ठेवलं.

त्यानंतर कोठारात हारशिरेला कोणी हारशिरे म्हणत नाहीसं झालं. सगळे त्या वानराच्या नावाने हापी म्हणू लागले, आधी पाठीमागे, मग समोर, मग कामाच्या गडबडीत इतक्या सहज की त्यात हसण्यासारखं काही उरलं नाही. दगडी बरण्या थडग्यात गेल्याच नाहीत. पुजाऱ्याने आत नेऊ दिल्या नाहीत. तेंतोपेतने त्या परत नेऊन बैठकीच्या खोलीत मांडल्या आणि आल्यागेल्याला दाखवते, अजून.

हुनेरोकडे मात्र भलतीच माणसं येऊ लागली. शहरातले पैसेवाले, बायका घेऊन. बापाने जसं केलं तसं झाकण तुला येतं का, आमच्या जावेचं करून दे, सासऱ्याचं करून दे. ती त्यांना उंबऱ्यातूनच परतवी. "तोंडं बघायची हौस असेल तर नदीत वाकून बघा," ती म्हणे. बापाच्या चाकावर ती बसली, पण पाण्याचे रांजण करायला, आणि ते बापाइतके चांगले होत नसत, हे तीच आधी सांगे.

पुढच्या वर्षी दरीचा उत्सव आला. अमूनची नाव पश्चिमेला येते, आणि लोक आपापल्या मेलेल्यांच्या दाराशी बसून त्यांच्याबरोबर जेवतात. हुनेरो गेली तेव्हा दाराशी आधीच कोणीतरी बसलं होतं. हारशिरे. एकटाच, भाजलेलं बदक घेऊन, उन्हात.

"वहिनी कुठेत?"

"घरी पाहुणे आहेत. कलश दाखवतेय."

ती बसली. म्हाताऱ्याचा वाटा दारापाशी ठेवला, भाकरी बिअरमध्ये कुस्करून. मग दोघं खाऊ लागली.

"मला फुफ्फुसंच का दिली असतील, हुनेरो?" हारशिरेने विचारलं. "आतडी नाही, फुफ्फुसंच."

"काय माहीत. शेवटी शेवटी आव्याचा धूर छातीत बसला होता. खोकायचे फार."

"मला नाही माहीत. मी कधी ऐकला नाही."

ती काहीतरी बोलणार होती. ओठांवर आलं होतं, चांगलं धारदार. मग तिने घास बाजूला ठेवला, छाती आत ओढली आणि खोकून दाखवलं. आधी दोनदा कोरडं, जसं कोणी दार ठोठावतंय, मग खोल, घरघर करत, आणि शेवटी एक शिवी. हुबेहूब. शेजारच्या थडग्यापाशी बसलेल्या कुंभाराने दचकून मागे पाहिलं.

हारशिरे बदकाची तंगडी हातात धरून ऐकत होता.

"शिवीसुद्धा द्यायचे?"

"प्रत्येक वेळी."

"पुन्हा कर," तो म्हणाला.

तिने पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा केलं, तेव्हा घसा खरवडला आणि तिला खरंच खोकला आला. हारशिरेने बिअरचं भांडं पुढे केलं.

"बदक कुठून आणलंस?" पिऊन झाल्यावर तिने विचारलं.

"मी स्वतः भाजलं."

"कळतंय. आतून कच्चं आहे," हुनेरो म्हणाली, आणि दुसरी तंगडी ओढून घेतली.